ऑगस्टपर्यंत विद्यार्थिनी

व्हर्ना स्टिल्टनरची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या लाँड्रीतल्या एका मशीननं तिची नाणी गिळली होती आणि पाण्याचा थेंब सोडला नव्हता. ती साबणाचा डबा काखोटीला मारून माझ्या काउंटरशी येऊन उभी राहिली.

"मिस ओलेटा, तुमचं मशीन चोर आहे, की तुम्ही? तेवढं सांगा म्हणजे कुणाला लाथ घालायची ते मला कळेल."

"मशीनला घाल. माझे गुडघे आधीच गेलेत," मी म्हणाले.

तिनं खरंच लाथ घातली आणि मशीन सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून मी तिला कपड्यांच्या घड्या घालायला कामावर ठेवलं. मशीन दुरुस्त करणारा बोलावण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

तेव्हा ती टेकडीवरच्या आमच्या कॉलेजात शिकत होती. शिकायचं वय उलटून गेलेलं होतं. शाळा सुटल्यापासून ती नदीकाठच्या कोंबड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी उभी राहून मांड्या कापायची. तिथल्या बर्फासारख्या थंडीनं तिची बोटं सकाळी उघडायची नाहीत, गरम पाण्यात बुडवून ती जागी करावी लागत. तिला शिक्षिका व्हायचं होतं, तिसरीच्या वर्गाची. चौथीची म्हटलं तरी नाक मुरडायची. तिसरीतल्या पोरांना अजून खोटं बोलता येत नाही, असं तिचं म्हणणं. कारखाना सोडला तेव्हा तिथले लोक म्हणाले, कोंबड्या सोलून झाल्या, आता पोरं सोलायला निघाली. ती त्यांच्याबरोबर हसली आणि टोपी-हातमोजे परत करून बाहेर पडली.

कारखान्याबरोबर कारखान्याचा आरोग्य विमाही सुटला. त्याची तिला काळजी वाटली नाही, कारण प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या टेबलाशी डीन हॉलिस्टर स्वतः बसल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या सुखदुःखाचं बघणाऱ्या त्या डीन. उंच, पांढऱ्या केसांची बाई, भेटेल त्याला मिठी मारणारी. मिठी म्हणजे हात उचलून नुसते पाठीवर टेकवायच्या नाहीत, अगदी आवळायच्या.

"कॉलेजचा प्लान घे, हनी," त्या व्हर्नाला म्हणाल्या. "डोक्याला ताप नाही. इथं आपण सगळे एक कुटुंब आहोत."

व्हर्नाला आई नव्हती, बाप असून नसल्यासारखा. कुटुंब म्हटल्यावर तिनं लगेच सही केली. त्या प्लानला एका वर्षात एका आजारासाठी पन्नास हजार डॉलरची मर्यादा होती, हे पुस्तिकेत छापलेलं होतं म्हणे. असेल. पण टेबलाशी कुणी ते बोललं नाही, आणि ठणठणीत माणसाला पन्नास हजार हा आकडा कुबेराच्या खजिन्यासारखाच वाटतो. आमच्याकडे तेवढ्यात घर येतं.

शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीत, वर्गात बसल्याबसल्या व्हर्नाचं आतडं फुटलं. आधी बरेच दिवस पोट दुखत होतं, पण ती पडली कोंबड्यांच्या कारखान्यातली. तिथे दुखणं सांगायची पद्धत नाही, सांगितलं की आपली कामाची पाळी दुसऱ्याला देतात. तिला हेलिकॉप्टरनं शहरातल्या दवाखान्यात नेलं. गावातलं निम्मं कॉलेज मैदानावर उभं राहून ते उडताना बघत होतं. मला काय माहीत, ती मर्यादा त्या पंख्यांच्याच भिरभिराटात निम्मी उडून गेली!

उरलेली अतिदक्षता विभागानं खाल्ली. व्हर्ना वाचली. आतड्याचा कुजलेला तुकडा कापून काढला आणि उरलेलं टोक पोटावर भोक पाडून बाहेर काढलं, त्यावर एक पिशवी चिकटवली. जे काही व्हायचं ते त्या पिशवीत. डॉक्टर म्हणाला, हे कायमचं नाही, आतली सूज पूर्ण उतरली की उन्हाळ्याच्या शेवटी दुसरं ऑपरेशन करून आतडं जोडून टाकू, पिशवी जाईल.

ती माझ्या घरी येऊन राहिली. माझी मागची खोली रिकामीच होती. पिशवीशी जुळवून घेणं सोपं नव्हतं. मधूनच ती आवाज करायची. चर्चमध्ये शांत प्रार्थना चालू असताना एकदा असा आवाज झाला की पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून माझ्याकडे बघायला लागला. व्हर्ना डोळे मिटून इतकी गंभीर बसली होती की तो आळ माझ्यावर आला. घरी येऊन आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मग हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "तिसरीच्या वर्गात असं झालं, तर पोरं वर्षभर दुसरं काही शिकणार नाहीत."

तिला ती पिशवी नको होती. बस्. घर नको होतं, गाडी नको होती, ती पिशवी काढून फळ्यापुढे उभं राहायचं होतं.

मार्चच्या सुमारास तिनं ऑपरेशनचं विचारायला विम्याच्या माणसाला फोन लावला. मी शेजारी टॉवेलांच्या घड्या घालत होते. तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण व्हर्ना म्हणाली, "माझं या वर्षाचं संपलं म्हणजे? मी तर अजून संपले नाही ना!" तो बिचारा पगारी माणूस, त्याच्या तरी हातात काय होतं?

आमच्याकडे कुणी असं आजारी पडलं की पेट्रोल पंपाच्या काउंटरवर त्याचा फोटो चिकटवलेली बरणी ठेवतात, आणि चर्चच्या तळघरात लोकांना स्पॅगेटीचं जेवण घालून पैसे जमवतात. माझ्या नवऱ्याच्या वेळी झालं होतं. मी बरणीचं नाव काढलं तर ती उसळली.

"विमा नसलेल्यांसाठी असते बरणी, मिस ओलेटा. मला विमा आहे."

"आहे तो काय कामाचा?"

"ऑगस्टमध्ये कामाचा होईल."

आणि मग तिनं मला तिचा बेत सांगितला. प्लानचं नवं वर्ष ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं. नव्या वर्षात मर्यादा पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ऑगस्टमध्ये ती कॉलेजची विद्यार्थिनी असली की ऑपरेशनचा मार्ग मोकळा. आणि ती असणारच होती, कारण तिचं एक काम राहिलं होतं. शेवटच्या सत्रात तिला एका शाळेत प्रत्यक्ष शिकवायचं होतं, ते आजारपणात बुडालं. ते झाल्याशिवाय पदवी नाही. सगळी पोरं मे महिन्यात पदवी मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली, आणि ही एकटी ती मिळू नये म्हणून. ऑगस्टमध्ये नाव घालायचं, ऑपरेशन करून घ्यायचं, अंग भरून आलं की शाळेत शिकवायला उभं राहायचं. यात लबाडी काही नव्हती. काम खरंच राहिलं होतं आणि नियम त्यांचेच होते.

"कुणाला बोलू नका हं," ती म्हणाली. "उगाच कुणीतरी नवा नियम काढेल."

डीन हॉलिस्टरना मात्र तिनं सांगितलं. त्या दर आठवड्याला माझ्याकडे यायच्या, येताना ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांचं नाहीतर खिरीचं भांडं घेऊन. व्हर्नाच्या पलंगावर बसायच्या, तिचे केस विंचरून द्यायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही त्या बाईचं कौतुक वाटायचं. पिशवी बदलताना व्हर्ना मला बाहेर जाऊन दार लावून घ्यायला सांगायची, पण डीनबाईंसमोर तिनं ती एकदा बदलली. त्या नजर न वळवता बसून राहिल्या. त्याच दिवशी व्हर्नानं ऑगस्टचं सगळं त्यांच्यापुढे मोकळं केलं.

मी कॉफी घेऊन आत गेले तेव्हा डीनबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. "तू फक्त बरी हो," त्या म्हणत होत्या. "बाकीचं माझ्यावर सोड."

सोडलं तिनं.

मे महिन्यात पदवीदानाचा समारंभ झाला. व्हर्नाला जायचं नव्हतं, तिच्या बरोबरीची पोरं झगे घालून चालणार आणि ही बघणार. पण डीनबाईंनी फोन करून करून बोलावलं, पहिल्या रांगेत जागा ठेवली. व्हर्ना राखाडी, साधा फ्रॉक घालून आली, पोटाशी सैल. मी माझी इस्टरची टोपी चढवली होती. नावांची यादी संपली, आणि अध्यक्ष माइकपुढे थांबले. म्हणाले, आज आपल्या कुटुंबातल्या एका धीराच्या मुलीला आपण आश्चर्याचा धक्का देणार आहोत. जिनं मृत्यूला परतवलं, तिला एका राहिलेल्या विषयासाठी आपण अडवून ठेवणार नाही. मग त्यांनी व्हर्नाचं नाव घेतलं.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बँड वाजायला लागला. दोन पोरांनी येऊन तिच्या अंगावर काळा झगा चढवला, कुणी डोक्यावर चौकोनी टोपी ठेवली. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. कोंबड्यांच्या कारखान्यातली पोर पदवीधर झाली, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं होतं. व्हर्ना माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"मिस ओलेटा," ती म्हणाली, "हे काय करतायत? यांना थांबवा ना."

हजारभर माणसं टाळ्या वाजवत असताना कोण कुणाला थांबवणार? तिला हाताला धरून वर नेलं. डीनबाईंनी मिठी मारली, आवळून. व्हर्नानं एका हातानं पदवीची गुंडाळी घेतली आणि दुसरा हात पोटावर घट्ट दाबून धरला. लोकांना वाटलं, भरून आलंय पोरीला. फोटोही तोच छापला त्यांनी.

सोमवारी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. नोंदणीच्या खिडकीशी व्हर्नानं ती गुंडाळी ठेवली.

"ही परत घ्या."

खिडकीतली मुलगी हसली. "छपाईत चूक आहे का? नावाचं स्पेलिंग?"

"नाव बरोबर आहे. मला नको आहे ती."

"पदवी परत घ्यायची सोय नाहीये, मॅम," ती मुलगी गोंधळून म्हणाली. "लोक ती परत देत नाहीत."

मग विचारता विचारता सगळं बाहेर पडलं. मिळालेली पदवी शिक्षकाची नव्हतीच. शाळेतलं काम माफ केलं म्हणजे शिकवण्याचा परवानाही गेला. ती नुसती सर्वसाधारण पदवी होती, भिंतीला लावायची. शिक्षकांच्या अभ्यासक्रमात परत शिरायचं तर नव्यानं अर्ज, तोही पुढच्या वर्षी. आणि सुटा एखादा विषय घेऊन नाव घातलं तर विमा मिळत नाही. कॉलेजच्या लेखी व्हर्ना स्टिल्टनर आता माजी विद्यार्थिनी होती.

"डीन हॉलिस्टरना हे माहीत नसणार," व्हर्ना मला जिन्यात म्हणाली. "त्यांनी मायेपोटी केलं. त्यांना सांगितलं की त्या बदलून देतील."

त्या जिन्यावरचा तिचा तो विश्वास आठवला की माझं डोकं आजही भणभणतं.

डीनबाईंनी दार लावून घेतलं आणि आम्हाला सोफ्यावर बसवलं. व्हर्नानं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की समोरच्या बाईला यातल्या कशाचंही नवल वाटत नाहीये.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हनी, हे बघ." डीनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी, नाटक नव्हे. ते नाटक असतं तर बरं झालं असतं. "विम्याच्या समितीत विषय निघाला. या वर्षी खर्च इतका झाला की पुढच्या वर्षी सगळ्या मुलांचा हप्ता वाढणार होता. त्यात अजून एक मोठं ऑपरेशन आलं असतं तर कंपनी आपल्याला सोडूनच गेली असती. मला सगळ्या मुलांचं बघावं लागतं."

"ऑपरेशनचं समितीला कुणी सांगितलं?"

डीनबाई टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या.

"ऑगस्टचं कुणी सांगितलं?"

"त्यांनी मला सरळ विचारलं, आणखी काही मोठं येणार आहे का. मी खोटं कशी बोलणार?" त्यांनी रुमाल काढला. "मी तुझ्यासाठी भांडले, व्हर्ना. ते तुला नुसतं काढून टाकणार होते, आजारपणाच्या रजेवर. मी म्हटलं, नाही, तिला मानानं पाठवा. पदवी देऊन पाठवा. तो समारंभ माझ्या हट्टानं झाला."

मला राहवलं नाही. "म्हणजे गळा कापताना हार घातला, असंच ना?" मी म्हणाले. "वर बँड लावून."

"मिस ओलेटा, प्लीज."

व्हर्ना उठली, परत द्यायला आणलेलं झग्याचं गाठोडं सोफ्यावर ठेवलं आणि दार उघडून चालायला लागली. बाहेर हिरवळीवर पुढच्या वर्षीच्या पोरांना कॉलेज दाखवत हिंडवत होते. त्यांचा पुढारी उलटा चालत चालत सांगत होता, आम्ही इथं सगळे एकमेकांचे आहोत म्हणून. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो अडखळला.

ऑगस्ट आला. व्हर्नाच्या ओळखीची पोरं गाद्या डोक्यावर घेऊन वसतिगृहात चढत होती, आणि ती कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. मीच सोडलं होतं तिला तिथं. बाहेरून कुठलीच कंपनी तिला विमा द्यायला तयार नव्हती. पोटाला भोक असलेलं माणूस कोण घेतो? कारखान्याचा विमा मात्र सगळ्या कामगारांना सरसकट होता. तीन महिने काम केलं की लागू.

बक नावाचा तिचा जुना सुपरवायझर दारात आला. जाडजूड, तोंडात कायम तंबाखू.

"परत आलीस?"

"आले."

"पदवी घेतलीस म्हणे. पेपरात फोटो होता."

"हो."

"पोटाचं काय ते?"

"पिशवी आहे. पट्ट्यावर वाकता येणार नाही."

त्यानं थुंकून घेतलं. "मग खोकी घडव. त्यात वाकायला लागत नाही. उशीर केलास तर पैसे कापीन." बस्, एवढंच. त्यानं मिठी मारली नाही, की कुटुंबाचं नाव काढलं नाही.

नाताळच्या आधी तिचं ऑपरेशन झालं, कारखान्याच्या विम्यावर. पिशवी गेली. पण तो विमा टिकवायचा म्हणजे कारखाना सोडायचा नाही, आणि कारखान्याच्या वेळा सांभाळून शाळेत शिकवायला कोण कसं जाणार? तिनं अर्ज केला नाही पुन्हा. मी दोनदा विषय काढला. "राहू द्या," म्हणाली. आजही ती तिथेच खोकी घडवते. पुढे काही वर्षांनी सरकारनं कायदा करून अशा बऱ्याचशा मर्यादा काढायला लावल्या. चांगलं झालं. तिसरीच्या एका वर्गाला व्हर्ना मिळायची होती, ती राहून गेली.

ऑपरेशननंतर थोड्या दिवसांनी मी तिला किराणा दुकानात घेऊन गेले होते. ती ट्रॉलीच्या आधारानं सावकाश चालत होती. कणसाच्या पिठाच्या रांगेत समोरून डीन हॉलिस्टर आल्या. व्हर्नाला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या दोन्ही हात पसरून पुढे झाल्या.

व्हर्नानं ट्रॉली मध्ये घेतली. "अंगाला हात लावू नका. टाके ओले आहेत अजून."

"झालं ऑपरेशन? देवा रे, किती बरं झालं!" बाई मनापासून म्हणाल्या. "बघ, शेवटी सगळं जमून आलं ना? मी रोज प्रार्थना करत होते."

"कुणाला काय सांगत होतात प्रार्थनेत?" व्हर्ना म्हणाली. "समितीला सांगितलंत तेच?"

डीनबाईंचे हात खाली आले. "घरच्या माणसावर इतका राग धरू नये, हनी."

"नाही धरत. वाट सोडा, मला जास्त वेळ उभं राहवत नाही."

त्यांनी वाट सोडली. आम्ही पैसे दिले, सामान गाडीत ठेवलं. पोर खंबीर निघाली, असं मी मनात म्हणत होते. मी किल्ली लावणार तेवढ्यात तिनं तोंड दोन्ही हातांत घेतलं. दवाखान्यात ती रडली नव्हती, समारंभात नाही, कारखान्याच्या फाटकाशीही नाही. आता टाक्यांवर गाडीतली उशी दाबून धरावी लागली, इतकी रडली.

"मी तिच्यासमोर पिशवी बदलली होती, मिस ओलेटा," ती म्हणाली. "तुमच्यासमोर नव्हती बदलली. तिच्यासमोर बदलली होती."